पहिली टीटी बॅट: गोव्याच्या दमट हवेत निवडावी कशी, जपावी कशी

२०२३ साली ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर ही टेबल टेनिसची (टीटीची) आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०२४ ला तीच स्पर्धा म्हापशात पेडेच्या इनडोअर स्टेडियमवर आली. त्याच दोन वर्षांत गोवा चॅलेंजर्स संघानं अल्टिमेट टेबल टेनिस ही लीग सलग जिंकली. तेव्हापासून आमच्या हॉलवर संध्याकाळी टेबल मोकळं मिळणं मुश्कील झालंय. नवी मुलं येतात, त्यांचे आईबाबा येतात, आणि पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो: "बॅट कुठली घेऊ?"

उत्तर एका ओळीत हवं असेल तर हे घ्या: प्लाय सावकाश, नीट पारखून आणि एकदाच घ्या, रबर मात्र संपणारी वस्तू आहे हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. पितळी पातेलं वर्षानुवर्षं टिकतं, पण कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते, तसंच हे. आणि गोव्यात ही कल्हई पुणे-नाशिकपेक्षा लवकर उडते, कारण इथली हवा. बाकीचा लेख म्हणजे याच गोष्टीचा विस्तार.

(प्लाय म्हणजे रबराखालचं हँडलसकट लाकूड. दुकानात कुणी 'पाच प्लाय', 'सात प्लाय' म्हणालं तर तो लाकडाच्या थरांचा हिशेब असतो. घोळ होऊ देऊ नका.)

१. तयार बॅट की सुटी?

पहिले दोन-तीन महिने खेळ टिकतोय का हेच पाहायचं असेल, तर हजार-दीड हजारांपर्यंतची तयार बॅट पुरे. पणजी-मडगावच्या खेळाच्या दुकानांत मुख्यतः हीच मिळते. पाकिटावर तीन तारे, पाच तारे छापलेले असतात. ते कंपनीनं स्वतःच स्वतःला दिलेले असतात, त्यांना कुठलंही आंतरराष्ट्रीय माप नाही. 'स्पीड ९५, स्पिन ९८' या आकड्यांचंही तेच. एका कंपनीचे ९५ आणि दुसरीचे ९५ यांची तुलना करता येत नाही.

तयार बॅट घेताना एकच गोष्ट पाहा. चेंडू रबरावर हलकेच टेकवा आणि आडवा ओढा. तो गुळगुळीत काचेवरून सरकावा तसा सरकला तर बॅट परत ठेवा. जरा अडकला, रबरानं धरून ठेवल्यासारखा वाटला, तर चालेल.

मूल आठवड्यातून तीन-चार दिवस कोचकडे जायला लागलं, किंवा तुम्हीच नियमित खेळू लागलात, की सुट्या बॅटकडे वळा: प्लाय वेगळा, दोन रबरं वेगळी. साधारण चार-पाच हजारांपासून नीट जोडणी होते. आठ-दहा हजारांच्या वर पहिल्या बॅटसाठी जाऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

२. प्लाय: वेगाचा मोह आवरा

प्लायवर अक्षरं असतात. डीईएफ म्हणजे बचावाचा, एएलएल म्हणजे ऑलराउंड, ओएफएफ म्हणजे आक्रमक. मध्ये 'एएलएल प्लस', 'ओएफएफ मायनस' अशा पायऱ्या असतात. नवख्यानं एएलएल किंवा फार तर एएलएल प्लस घ्यावा, पाच थरांचा, निव्वळ लाकडी. स्टिगाचा ऑलराउंड क्लासिक, यासाकाचा स्वीडन एक्स्ट्रा हे जुने आणि जगभर चाललेले पर्याय. भारतीय कंपन्यांमध्ये स्टॅग आणि जीकेआय यांचे प्लाय सहज मिळतात.

कार्बनचं काय? हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, कारण टीव्हीवर बघितलेलं असतं. नियमानुसार प्लायच्या जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि मध्ये कार्बनसारख्या धाग्याचा पातळ थर चालतो. या थरामुळे चेंडू वेगात सुटतो आणि बॅटचा वेगवान भाग मधल्या ठिपक्यापुरता न राहता मोठा होतो. ज्याचा हात तयार आहे त्याला याचा फायदा आहे. ज्याचा टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरवत मारायचा फटका) अजून बसलेला नाही, त्याच्या बॅटवरून चेंडू हाताला जाणवायच्या आत निघून जातो. तो चेंडू आत ठेवण्यासाठी मूल स्विंग अर्धवट तोडायला शिकतं आणि ती सवय मोडायला कोचला पुढे घाम गाळावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: किमान दीड-दोन वर्षं कार्बनचं नाव काढू नका.

३. हँडल आणि वजन

हँडलचे मुख्य प्रकार दोन. खाली रुंद होत जाणारं एफएल आणि सरळ एसटी. बहुतेकांना एफएल बरं पडतं, कारण घामानं हात ओला असला तरी बॅट निसटत नाही. आपल्याकडे मार्च ते मे हाताला घाम असतोच, त्यामुळे संभ्रम असेल तर एफएल घ्या. हाताच्या आकारात कोरलेलं तिसरं, एएन, फार कमी लोक घेतात.

वजनाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग मनगट दुखतं. प्लाय ८० ते ९० ग्रॅमचा, एकेक कापलेलं रबर साधारण ४० ते ५० ग्रॅमचं, म्हणजे पूर्ण बॅट १६० ते १९० ग्रॅमच्या आसपास जाते. दहा वर्षांखालच्या मुलासाठी १६० च्या आत राहायचा प्रयत्न करा. त्यासाठी पातळ स्पंज आणि हलका प्लाय लागतो. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा इथे कामाला येतो. एकाच नावाच्या दोन प्लायमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सहज निघतो, म्हणून ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला वजन विचारा. चांगला विक्रेता तोलून सांगतो. जो सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

४. रबर: खरा खेळ इथे आहे

रबराचे दोन भाग: वरचं टॉपशीट आणि खालचा स्पंज. टॉपशीट चेंडू पकडतं, स्पंज त्याला ढकलतं. पहिल्या बॅटसाठी दोन्ही बाजूंना साधं, दाणे आत (स्पंजाकडे) आणि वरची बाजू सपाट असलेलं रबर घ्या. स्पंज १.८ किंवा फार तर २.० मिलिमीटर. लहान मुलांना १.५ सुद्धा उत्तम. पाकिटावर 'मॅक्स' दिसलं तर पुढचं पाकीट बघा. स्पंज, टॉपशीट आणि गोंद मिळून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि 'मॅक्स' त्या काठावरचं असतं.

नावं हवी असतील तर यासाकाचं मार्क फाइव्ह आणि बटरफ्लायचं स्रायव्हर ही दोन रबरं १९६० च्या दशकापासून आहेत आणि आजही शिकायला तितकीच चांगली आहेत. बटरफ्लायचीच टेनर्जी, डिग्निक्स ही रबरं उत्कृष्ट आहेत, पण त्यांच्या स्पंजमध्ये इतकी उसळी असते की नवख्याचा साधा पुशसुद्धा (हलकेच ढकलून परतवलेला चेंडू) उंच उडतो. एका रबराला हजारो रुपये मोजून वर ते चार महिन्यांत झिजवायचं, हा सौदा शिकाऊ खेळाडूनं का करावा?

चिनी चिकट रबरांबद्दल वेगळं सांगायला हवं. डीएचएसचं हरिकेन थ्री हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. चिकट पृष्ठभागामुळे सर्व्हिसला आणि पुशला जबरदस्त फिरकी मिळते. पण ते जड असतं, स्पंज कडक असतो आणि जोरदार पूर्ण स्विंगशिवाय त्यातून काही निघत नाही. शिवाय ज्या हॉलच्या खिडक्या उघड्या असतात तिथे आपली चिऱ्याची लाल धूळ त्यावर अशी बसते की दोन गेमनंतर चिकटपणा शोधावा लागतो. चिकट रबर घ्यायचंच असेल तर फक्त फोरहँडला घ्या आणि प्रत्येक सत्रानंतर पुसायची तयारी ठेवा.

भारताची खेळाडू मनिका बत्रा बॅकहँडला लाँग पिंपल (बाहेरच्या बाजूला लांब दाणे असलेलं रबर) वापरते, म्हणून आपल्या मुलीलाही तेच लावू पाहणारे पालक भेटतात. लाँग पिंपल समोरच्याची फिरकी उलटी करून पाठवतं, समोरच्याला गोंधळात टाकतं, हे खरं. पण फिरकी म्हणजे काय हे हाताला कळायच्या आत ते लावलं, तर गोंधळ स्वतःचाच होतो. हा निर्णय कोचचा, दुकानदाराचा नाही, आणि पालकांचाही नाही. शॉर्ट पिंपल (बाहेर आखूड दाणे) आणि अँटी-स्पिन (फिरकी न धरणारं गुळगुळीत रबर) यांसाठीही हेच.

रंगाचा नियम सोपा: एक बाजू काळी, दुसरी उठावदार वेगळ्या रंगाची. ऑक्टोबर २०२१ पासून लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा किंवा निळाही चालतो. तरी पहिल्यांदा लाल-काळाच घ्या. तो कुठल्याही दुकानात मिळतो.

५. विकत घेताना कुठे फसायला होतं

शालेय किंवा जिल्हा स्पर्धेत उतरायचं असेल तर रबराच्या खालच्या कडेला, हँडलजवळ, आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह आणि कंपनीचं नाव असलंच पाहिजे. ते चिन्ह बॅटवर दिसेल असंच रबर लावतात. चिन्ह नसलेलं रबर सरावाला चालेल, पण पंचांनी बॅट तपासली तर आयत्या वेळी दुसऱ्याची बॅट मागायची वेळ येते.

नकली रबरं बाजारात भरपूर आहेत, विशेषतः महागड्या नावांची. पाच हजारांचं रबर कुणी सतराशेला देत असेल तर कारण विचारायचीही गरज नाही. छपाई पुसट, पाकिटाची कडा वेडीवाकडी, स्पंजचा रंग कंपनीच्या चित्रापेक्षा वेगळा, ही ढोबळ लक्षणं.

दुसरा सापळा जुन्या साठ्याचा. रबर न वापरताही म्हातारं होतं. दुकानाच्या काचेमागे दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढलेलं रबर पाकीट उघडल्यावर कोरडं, किंचित पिवळट दिसतं. दुकानदाराला पाकीट तुमच्यासमोर उघडायला सांगा. बिल आणि रबराचं पाकीट जपून ठेवा. पुढे तेच रबर पुन्हा मागवताना स्पंजची जाडी आठवत नाही, पाकिटावर ती असते.

६. रबर चिकटवणं

मुंबई-पुण्याचे विक्रेते फुकटात किंवा थोड्या पैशांत चिकटवून पाठवतात. पहिल्या वेळी तसंच घ्या. पण पुढे हे घरी शिकून घ्या, कारण गोव्यात हे करून देणारं माणूस जवळ मिळेलच असं नाही.

लागणाऱ्या वस्तू:
– पाण्यावर आधारित टीटी गोंद
– गोंद पसरवायला स्पंजचा तुकडा
– नवं पातं घातलेला कटर किंवा धारदार मोठी कात्री
– लाटणं किंवा रबर दाबायचा रोलर
– कापायला जाड पुठ्ठा
– बॅटच्या कडेला लावायची साइड टेप

सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन किंवा चपलांचा गोंद वापरू नका. अशा द्रावकाच्या गोंदांवर २००८ पासून बंदी आहे, कारण त्यांची वाफ आरोग्याला घातक असते. शिवाय स्पंज फुगतो. रबर फुलवणारं बूस्टर नावाचं तेलही नियमाबाहेरचं आहे, कुणी सुचवलं तरी नको.

रीत अशी. प्लाय नवा असेल तर आधी पाण्यावर आधारित वार्निशचे दोन-चार थेंब कापडावर घेऊन एक अतिपातळ हात फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. त्यामुळे पुढे रबर काढताना लाकडाचे तंतू उचकटत नाहीत आणि लाकूड ओलही कमी शोषतं. जाड थर दिलात तर बॅटचा आवाज आणि हाताला येणारी जाणीव दोन्ही बदलतात, म्हणून हात आखडता.

मग स्पंजला आणि प्लायला गोंदाचा एकेक पातळ थर द्या. गोंद लावताना दुधासारखा पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. डब्यावर दहा मिनिटं लिहिलेली असतात, ती कोरड्या हवेची. जुलैमध्ये आपल्याकडे पंख्याखाली अर्धा तास लागला तरी नवल नाही. घड्याळ नाही, रंग बघा. कोपऱ्यात एक पांढरा डाग राहिला असताना चिकटवलंत तर तिथे ओल कोंडते आणि आठवडाभरात कड सुटते. घरात एसी असेल तर पावसाळ्यात हे काम एसीच्या खोलीतच करा.

चिकटवताना रबराची खालची सरळ कड हँडलच्या वरच्या टोकाला लावा आणि तिथून वर हळूहळू ठेवत जा. ताणू नका. ताणलेलं रबर नंतर आक्रसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. लाटणं हलकेच फिरवून हवा काढा, वर दोन-तीन जाड पुस्तकं ठेवून अर्धा-पाऊण तास विसरून जा. मग बॅट पुठ्ठ्यावर रबर खाली करून ठेवा आणि प्लायच्या कडेनं कटर उभा धरून एका सलग ओढीत कापा. थांबत थांबत कापलं की कडेला दाते पडतात. शेवटी साइड टेप. टेबलाच्या कोपऱ्यावर बॅट आपटतेच, टेप असली तर टवका लाकडाचा निघत नाही.

७. रोजची निगा

खेळून झालं की मऊ स्पंज साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा, रबरावरून हँडलकडून वरच्या दिशेनं फिरवा, मग वाळू द्या आणि वर प्लॅस्टिकची संरक्षक फिल्म लावा. बाजारातले क्लीनर चांगले असतात, पण गरजेचे नाहीत. सॅनिटायझर, स्पिरिट, काच पुसायचं द्रव, भांड्यांचा साबण यांतलं काहीही नको. (फेणीनं पुसलं तर चिकटपणा परत येतो असंही एकानं मला गंभीरपणे सांगितलं होतं. फेणीचा उपयोग अन्यत्र करा.)

खेळता खेळता बॅटवर फुंकर मारून तळहातानं पुसायची सवय जवळपास सगळ्यांना असते. तळहाताचा घाम आणि तेलकटपणा रबरावर जातो. त्यापेक्षा खिशात छोटा कोरडा रुमाल ठेवा.

कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत बॅट ठेवून जाऊ नका. एप्रिलमध्ये बंद गाडीत तासाभरात गोंद सैल पडतो आणि रबराचं आयुष्य कमी होतं. ऊनही तितकंच वाईट: उन्हात राहिलेलं टॉपशीट कडक, चकचकीत होतं आणि पकड जाते.

८. पावसाळा

जून ते सप्टेंबर हा काळ गोव्यात टीटीसाठी खरा मोसम, कारण फुटबॉलचं मैदान चिखलात असतं. आणि नेमका हाच काळ बॅटला सगळ्यात जड जातो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत कपाटातले बूटही बुरशी धरतात, तिथे लाकूड आणि रबर कसं सुटेल?

आधी लक्षण ओळखा. तुमचा नेहमीचा टॉपस्पिन अचानक जाळ्यात जायला लागला, सर्व्हिसला फिरकी येईना, तर हाताला दोष देण्याआधी रबराला बोट लावून बघा. दमट हॉलमध्ये टॉपशीटवर ओलाव्याचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. चेंडू रबरात रुतत नाही, घसरतो. चेंडूवर आणि टेबलावरही तोच ओलावा असतो. अशा दिवशी प्रत्येक दोन-तीन पॉइंटनंतर बॅट आणि चेंडू दोन्ही कोरड्या रुमालानं पुसा (सामन्यात दर सहा गुणांनंतर टॉवेल घ्यायला परवानगी असते, ती वाया घालवू नका), आणि नुसतं घासून (ब्रश करून) फिरकी काढण्यापेक्षा चेंडूला जरा जास्त सपाट, स्पंजात दाबून मारा. बाहेर पाऊस धो धो असताना समुद्राच्या बाजूची खिडकी बंद करायला सांगा. उकडेल, पण टेबल कोरडं राहील.

एसी हॉलमधून बाहेर आल्यावर थंड बॅटवर बाहेरच्या हवेतला बाष्पाचा दव धरतो, चष्म्यावर धरतो तसाच. म्हणून बॅट कव्हरमध्ये घालून, चेन लावून मगच दाराबाहेर पडा. घरी आल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी उघडा.

ठेवण्यासाठी चेन असलेलं कडक कव्हर घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, शक्यतो रंग बदलणाऱ्या, म्हणजे संपल्या की कळतं. ओली फिल्म कोरड्या बॅटवर लावू नका, ओलावा आत कोंडतो. घामेजलेला टीशर्ट आणि बॅट एकाच पिशवीत नको. हँडल ओलसर राहून काळं पडत असेल तर कोरड्या कापडानं पुसा आणि अगदी बारीक सँडपेपर दोनदा फिरवा, तेल-पॉलिश काही लावू नका.

चतुर्थीला गावी जाताना बॅट आठवडाभर बंद कपाटात राहते. परत आल्यावर कड सुटलेली दिसली तर घाबरू नका. सुटलेल्या जागी काडीनं थोडा गोंद सारा, पारदर्शक होऊ द्या, दाबून ठेवा.

९. रबर कधी बदलायचं

कंपन्या साधारण ८० ते १०० तासांचा खेळ हे माप धरतात. रोज तासभर खेळणाऱ्याला साधारण तीन महिने, आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला वर्षभर. तासांची वही कुणी ठेवत नाही, म्हणून बोटानं तपासा. रबराचा मधला भाग आणि हँडलजवळचा न वापरलेला कोपरा यांवरून अंगठा फिरवा. कोपरा अंगठा अडवतो आणि मध्य सोडून देतो, एवढा फरक जाणवला की वेळ झाली. टॉपशीटखालचे दाणे पांढरट ठिपक्यांसारखे दिसू लागले तर वेळ उलटून गेली आहे.

दोन्ही बाजू एकदम बदलायची गरज नाही. बहुतेकांचं फोरहँडचं आधी संपतं.

जुनं रबर काढताना हँडलजवळच्या कोपऱ्यापासून सुरू करा, तिरकं, सावकाश, लाकडाच्या रेषांच्या आडव्या बाजूनं. खसकन ओढलंत तर लाकडाची ढलपी बरोबर येते. मग प्लायवरचा जुना गोंद बोटानं चोळून काढा, त्याची गोळी होत जाते.

नवं रबर स्पर्धेच्या आदल्या दिवशी लावू नका. पहिले काही दिवस ते जास्त उसळतं, सर्व्हिस लांब जाते, पुश उंच उठतो. किमान आठवडाभर आधी बदला, आणि जुनं रबर लगेच टाकून न देता फिल्म लावून कव्हरमध्ये ठेवा, ऐन स्पर्धेत नव्याची कड फाटली तर निदान सामना पूर्ण करता येईल.